माजघरातली उपासना: भीमा-नीरेकाठच्या ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या धार्मिक इतिहासाची चर्चा बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते: बारामतीच्या बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने तेथे राहून आर्यांचे डोंगर रचणारे मोरोपंत (१७२९–१७९४), देहूहून पंढरीला जाताना बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या गावी मुक्काम करणारी तुकोबांची पालखी, आणि भीमा-नीरेच्या संगमावरचे नरसिंहपूर. या तिन्हींच्या सावलीत गेल्या पावणेदोनशे वर्षांत एक चौथी परंपराही रुजली, ती म्हणजे मराठी ख्रिस्ती कुटुंबांची. मिशनच्या वार्षिक अहवालांत तिची नोंद बाप्तिस्म्यांची संख्या, शाळांचा पट आणि जमा-खर्च यांच्या रूपाने सापडते. परंतु ही कुटुंबे घरात कशी राहिली, कशाच्या आधाराने तगली आणि कशाला हसली, हे त्या अहवालांतून समजत नाही. वस्तुतः परदेशातून आलेला धर्म मराठी झाला तो चर्चच्या इमारतीत नव्हे, माजघरात झाला, आणि तो मराठी करण्यात विनोदाचा वाटा धर्मशास्त्राच्या वाट्याहून कमी नव्हता, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

इंदापूरचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या कागदपत्रांत प्रथम ठळकपणे येते ते शेतसाऱ्याच्या संदर्भात. प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेली सारापद्धती अवाजवी ठरून शेतकरी गावे सोडून जाऊ लागल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५–३६ च्या सुमारास याच तालुक्यात नव्याने जमिनीची मोजणी केली, आणि पुढे मुंबई इलाखाभर पसरलेल्या रयतवारी मोजणीपद्धतीचा पाया येथे घातला गेला. पर्जन्यछायेतला, सावकारी कर्जाने गांजलेला हा प्रदेश होता. १८७५ सालच्या मे महिन्यात सावकारांच्या वह्या जाळणारे जे दंगे दख्खनमध्ये उसळले त्यांचा प्रारंभ सुपे या गावी झाला, आणि ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. ख्रिस्ती धर्म या भागात आला तेव्हा त्याची गाठ प्रथम अशा रिकाम्या कणग्यांशी पडली, ही गोष्ट त्याच्या पुढच्या सर्व वाटचालीत लक्षात ठेवावी लागते.

पुण्यातील स्कॉटिश मिशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने (वडीलमंडळाच्या हाती कारभार असणाऱ्या पंथाने), इंदापूर येथे आपले एक उपकेंद्र चालवले होते. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण धर्मोपदेशक निजामाच्या राज्यात जालन्याला जाण्यापूर्वी याच परिसरात काम करीत होते; जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी पुढे बेथेल हे गाव वसवले. शेषाद्रींच्या स्वतःच्या घराची कथा त्या काळच्या धर्मांतराने कुटुंबावर काय ओढवत असे याचा नमुना आहे. १८४३ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली, मुलाचा ताबा वडिलांना मिळाला, आणि मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतलेल्या त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान एका बाजूला आणि सनातनी मंडळी दुसऱ्या बाजूला असा मोठा वाद पेटला. एका भावाने नवा देव पत्करला आणि दुसऱ्याला जुन्या पंगतीत पान मिळेना, अशी ही स्थिती होती. पहिल्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती घरांचा जन्म बहुधा अशा फुटीतून झाला, त्यामुळे 'मंडळी' या शब्दाला त्यांच्या तोंडी दुहेरी वजन आले. मराठीत मंडळी म्हणजे घरची माणसे, आणि ख्रिस्ती वापरात मंडळी म्हणजे उपासकांचा समुदाय. ज्यांची पहिली मंडळी तुटली त्यांना दुसरीच घरच्यासारखी करून घ्यावी लागली.

बारामतीची हकिकत वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या पंथाचे स्ट्रटन दांपत्य आणि त्यांचे सहकारी येथे आले. या पंथाची दोन वैशिष्ट्ये घरगुती जीवनाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस यांचा स्मरणविधी, ते दर रविवारी करीत. आणि तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा न देता समजत्या वयाच्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावर त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देत. स्कॉटिश परंपरेत मूल जन्मतःच देवाशी झालेल्या कराराच्या छत्राखाली येई, तर ऑस्ट्रेलियन परंपरेत प्रत्येक पिढीला आपला निर्णय नव्याने घ्यावा लागे. एकाच नदीखोऱ्यातल्या या दोन रीतींचा परिणाम आईबापांच्या भूमिकेवर झाला: पहिल्या रीतीत त्यांनी वचन द्यायचे, दुसऱ्या रीतीत त्यांनी वाट पाहायची. वाट पाहणाऱ्या आईबापांना उपदेशाचा अतिरेक परवडत नाही, कारण पंधरा-सोळा वर्षांचे मूल सक्तीने नदीत उतरत नाही. घरातल्या रोजच्या वागण्याला त्यामुळे जे महत्त्व आले ते कोणत्याही पाठ केलेल्या प्रश्नोत्तरीने येणे शक्य नव्हते.

याच काळात प्रदेशाचे रूप पालटत होते. भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन तालुक्यांत पोहोचले, ऊस आणि गुऱ्हाळे वाढली, १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला अरुंदमापी रेल्वे आली, आणि १९३० नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. मजुरांची गरज वाढली त्याच सुमारास सरकारने 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या लोकांच्या वसाहती ठिकठिकाणी काढल्या. १८७१ चा मूळ कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, मांगगारुडी, भामटे अशा भटक्या समाजांतील माणसांना ठरावीक जागी राहून हजेरी द्यावी लागे, आणि मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याची तरतूदही त्या कायद्यात होती. लोक या वसाहतीला सरळ 'सेटलमेंट' म्हणत. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील या योजनेत काही वसाहतींचा कारभार मिशनकडे सोपवला गेला. सोलापूरची अमेरिकन मराठी मिशनकडे होती, तर बारामतीची ऑस्ट्रेलियन मिशनकडे.

या वसाहतीविषयी निर्णय देताना दोन्ही बाजू मांडणे भाग आहे. शाळा, दवाखाना, मजुरी आणि पक्के घर या गोष्टी तेथे मिळाल्या, हे खरे. परंतु ज्याच्या हाती हजेरीपट त्याच्याच तोंडी सुवार्ता असली की ऐकणाऱ्याची श्रद्धा किती स्वतंत्र राहते, हा प्रश्न मिशनने स्वतःला पुरेसा विचारला नाही, असे म्हणावे लागते. १९४९ मध्ये मुंबई राज्याने आणि १९५२ मध्ये केंद्राने हा कायदा रद्द केला. त्यानंतर सक्ती संपली आणि ज्यांनी श्रद्धा टिकवली त्यांनी ती आपखुशीने टिकवली. म्हणून या कुटुंबांच्या धर्मजीवनाचे खरे मोजमाप १९५२ नंतरच्या पिढ्यांवरून करणे अधिक न्याय्य ठरेल. दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांवर तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आणखी एक ओझे पडले, कारण त्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठेवला, पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे गावकुसाबाहेरचे घर तेच राहिले, फक्त त्याला मिळणारी सवलत गेली.

अशा परिस्थितीत आशा ही अमूर्त कल्पना राहत नाही. तिला वेळापत्रक लागते. मराठी प्रोटेस्टंट घरांत ते वेळापत्रक 'कुटुंबप्रार्थना' या प्रथेने दिले. दिवेलागणीनंतर किंवा जेवणाआधी घरातली सर्व माणसे एकत्र बसत, शास्त्रातला एक उतारा वाचला जाई, गीत होई, आणि मग कोणीतरी मोठ्याने प्रार्थना करी. वाचता येणारी व्यक्ती बहुधा घरातली शाळकरी मुलगी किंवा मुलगा असे, त्यामुळे आजी-आजोबांना धर्मवचन नातवंडाच्या तोंडून ऐकावे लागे. ज्या समाजांना अक्षर शिकण्याचीच बंदी होती त्यांच्या घरातली ही उलथापालथ लहान नव्हती. रविवारी मुलांची 'शब्बाथशाळा' (बायबलच्या गोष्टी आणि गीते शिकवणारा वर्ग) भरे. घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचून दाखवणारी 'बायबलबाई' दुपारच्या कामात बसून बोलत असे. हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसे, भाज्या, कोंबड्या उपकारस्तुतीचे दान म्हणून वेदीपुढे येत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई. एकच भोपळा पाच जणांनी चढाओढीने घेऊन पुन्हा पुन्हा दान करायचा, हा या लिलावाचा ठरलेला विनोद. देणगी आणि करमणूक यांची सीमारेषा तेथे कोणी काटेकोरपणे आखत नाही.

या घरगुती उपासनेला शब्द पुरवले ते प्रामुख्याने अहमदनगरकडून. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले आणि १८७२ मध्ये मुलांसाठी 'बालबोधमेवा' काढला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची रीत पाडली. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान ही हरिदासी मांडणी, टाळ-वीणा, अभंग-ओव्या सर्व तसेच ठेवून आख्यानात उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची कथा आली. कीर्तन हा मराठी माणसाला उपदेशासोबत हसण्याची मुभा देणारा प्रकार आहे, आणि व्यासपीठावरून सरळ रेषेत चालणाऱ्या पाश्चात्त्य प्रवचनात ती मुभा नव्हती. आख्यानातला बाप परत आलेल्या मुलाला मिठी मारतो तेव्हा श्रोते डोळे पुसतात, पण त्याआधी डुकरांच्या शेंगा खाऊ पाहणाऱ्या त्या मुलाचे वर्णन ऐकून ते मनसोक्त हसलेले असतात. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या गीतांनी 'उपासना-संगीत' हे मराठी गीतपुस्तक समृद्ध केले, आणि इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या जुन्या गीतांची जागा अभंगाने घेतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. ज्या वाटेने तुकोबांची पालखी दरवर्षी जाते त्या बारामती-इंदापूरच्या ख्रिस्ती घरांत हे विधान अवघड वाटण्याचे कारण नव्हते. आषाढात दारावरून जाणारे टाळमृदंग आणि रविवारच्या उपासनेतला अभंग यांत कानाला फरक फारसा जाणवत नाही.

तथापि या घरांतल्या हास्याची खरी बखर लिहिली ती टिळकांच्या पत्नीने. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मराठी गद्याचा विचार करताना त्याला बाजूला सारणे आजही कोणाला जमत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली, अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई नाशिकजवळच्या जलालपूरची. १८५७ नंतर आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, आणि बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याच्या त्यांच्या हट्टातून मीठ-साखरही सुटत नसे. एवढा दारुण मजकूर लक्ष्मीबाई वाचकाला हसवत सांगतात, आणि वडिलांविषयीचा जिव्हाळा कोठेही कमी होऊ देत नाहीत. उपहास न करता हसणे हे त्यांच्या विनोदाचे व्यवच्छेदक लक्षण होय.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. लहान मुलाला घेऊन त्या काही काळ पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असूनही संसार नाही, अशी ती वर्षे होती. पतीच्या मागे मुकाट्याने धर्म बदलणे त्यांनी नाकारले. जातिभेद माणसांनी केलेला आहे, ही गोष्ट त्यांनी स्वतःशी भांडून ठरवली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा त्यांचा संसार म्हणजे एक न संपणारी पंगत होती: दुष्काळातली अनाथ मुले, शिकायला आलेले विद्यार्थी, ठोंबरे नावाचा एक लाजाळू तरुण जो पुढे बालकवी म्हणून प्रसिद्ध झाला, आणि या सर्वांच्या मध्यभागी हातात पैसा न टिकणारा, रागीट, प्रेमळ, वेळेचे भान नसलेला कवी-नवरा. मिशनचा पगार आला की तो कोणाला तरी देऊन टाकणाऱ्या या गृहस्थाला संत म्हणावे की वेंधळा, हा निर्णय लक्ष्मीबाई वाचकावर सोपवतात; त्यांचे स्वतःचे मत दोन्ही शब्दांच्या बाजूने पडते असे दिसते.

या पुस्तकाचे महत्त्व वाङ्मयीन आहेच, परंतु येथे त्याकडे धर्मेतिहासाचे साधन म्हणून पाहिले पाहिजे. धर्मांतराची कथने बहुधा अंधारातून प्रकाशाकडे अशा एकाच दिशेने जातात, आणि बाबा पदमनजींसारख्या समर्थ लेखकाचे लेखनही त्या वळणातून फारसे सुटत नाही. लक्ष्मीबाईंच्या कथनात मात्र बाप्तिस्म्यानंतरही भांडणे होतात, चुलीवरची डाळ करपते, प्रार्थना चालू असताना मुले चिमटे काढतात, आणि देवावरचा भरवसा या सर्वांतून वाट काढत राहतो. श्रद्धेचा पुरावा म्हणून त्यांनी चमत्कार पुढे केला नाही. १९५० मध्ये जोसेफिन इंकस्टर यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, पण त्यातला घरगुती फटका मूळ मराठीतच खरा लागतो. टिळकांच्या 'ख्रिस्तायन' या अपूर्ण राहिलेल्या महाकाव्याची पूर्ती पतीच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनीच केली; ज्या स्त्रीला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तिने नवऱ्याचे काव्य संपवावे, हा त्या संसाराचा सर्वांत मोठा विनोद आणि सर्वांत मोठी आशा दोन्ही होय.

बारामतीच्या शेजारी, जुन्या भीमथडी तालुक्यातच, केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा यांचे ते एक विलक्षण कुटुंब होते, आणि रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करून त्याची छपाई तेथील स्त्रियांकडूनच करवून घेतली. रमाबाईंच्या लेखणीत लक्ष्मीबाईंसारखे हसू क्वचितच आढळते. ज्यांनी आईवडील, भाऊ आणि बहीण यांना उपासमारीने व रोगाने जाताना पाहिले आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गमावली, त्यांच्याकडून ते मागणेही अयोग्य ठरेल. आशा मात्र त्यांच्यापाशी विपुल होती, आणि ती विहिरी, शेती, माग, छापखाना अशा रूपांत दिसे.

याच धर्तीची, जमिनीत उतरलेली आशा स्वातंत्र्योत्तर बारामतीच्या इतिहासातही आढळते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाऊस वारंवार दगा देऊ लागला तेव्हा चर्चांच्या 'कासा' या साहाय्य-संस्थेकडून मिळणारे धान्य आणि खाद्यतेल मजुरीच्या रूपाने देऊन पाझरतलाव खणण्याचे काम बारामती तालुक्यात सुरू झाले. पाझरतलाव म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी साठवणे, जेणेकरून ते जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळते. या कामात ऑस्ट्रेलियन मिशनचे कॉव्हेंट्री आणि तरुण राजकीय कार्यकर्ते शरद पवार यांचे सहकार्य झाले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाच्या पूर्वपीठिकेत या तलावांना स्थान आहे. पुढे १९७२ च्या दुष्काळात सुकडी (वाटपातले पौष्टिक पीठ) आणि मिलो (आयात केलेली ज्वारी) यांवर जगलेल्या पिढीला हे धान्य कोणत्या धर्माच्या पोत्यातून आले याची चिकित्सा करण्यास सवड नव्हती. ज्या पंथाने चार दशकांपूर्वी हजेरीपट सांभाळला होता त्याच पंथाने आता कोणाचीही जात वा धर्म न विचारता टिकाव-फावड्यांचा पट सांभाळला, आणि मिशनच्या कारकिर्दीतला हा दुसरा पट पहिल्यापेक्षा निश्चितच अधिक शोभून दिसतो.

बारामती, इंदापूर, दौंड आणि श्रीगोंदे या पट्ट्यातील अनेक ख्रिस्ती घरांत आजही जुन्या उपासना-संगीताच्या झिजलेल्या प्रती, शब्बाथशाळेची बक्षिसे, बायबलबाईंच्या दैनंदिन्या, लग्नातील मंगलगीतांच्या हस्तलिखित वह्या आणि सासर-माहेरची पत्रे असण्याचा संभव मोठा आहे. अहवालांतून जे निसटले ते या कागदांतच सापडेल, म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये, घरातल्या वृद्ध माणसांना त्यातील नावे आणि प्रसंग विचारून टिपून ठेवावेत, आणि शक्य झाल्यास पुण्यातील एखाद्या ग्रंथालयाकडे त्याची प्रत द्यावी.